दोन बोटं आखूड

१

मास्तरांचा धंदा दुरुस्तीचा. नवे कपडे शिवणारे बाजारात पुष्कळ होते. मास्तर उसवायचे आणि परत शिवायचे. खाली दुकान, दुकानामागे त्यांची एकट्याची खोली, आणि लाकडी जिन्याने वर गेलं की धाकट्या भावाचं बिऱ्हाड. दुकानात एक मशीन, एक इस्त्री, भिंतीला टेकवलेला लोखंडी गज आणि मास्तरांच्या गळ्यात टेप. एवढ्या भांडवलावर माणसाबद्दल जेवढं कळतं तेवढं डॉक्टरलाही कळत नाही, असं ते म्हणायचे. कारण डॉक्टरसमोर माणूस श्वास सोडतो आणि शिंप्यासमोर पोट आत ओढून धरतो.

एक निवृत्त न्यायाधीश दर सहा महिन्यांनी तीच पँट घेऊन यायचे आणि धोब्याने आटवली म्हणून तक्रार करायचे. मास्तर मान डोलवायचे, कंबर दीड इंच सैल करून द्यायचे आणि त्या धोब्याची मनातल्या मनात माफी मागायचे. बिचाऱ्याच्या माथी अख्ख्या गावाची पोटं होती.

पस्तीस वर्षांच्या या उद्योगात एक गोष्ट त्यांना पक्की ठाऊक झाली होती. मुलांचे कपडे लांब करायला येतात, मोठ्यांचे सैल करायला. पाठीला बाक आलेला एखादा म्हातारा कधी आखूड करून मागतो, तेवढंच. चाळिशीच्या धडधाकट माणसाची पँट आखूड करायला कोणी आणत नाही.

म्हणून त्या दिवशी भावजयीने गल्ल्याशेजारी पँट ठेवली तेव्हा मास्तरांनी आधी चष्मा पुसला. भावजय दवाखान्यात नर्स होती, पाळी संपवून तशीच आली होती. तिने सांगितलं की यांची पँट टाचेखाली येते, दोन बोटं आखूड करून द्या. पँट मास्तरांनीच शिवलेली, वर्षही झालं नव्हतं. ते म्हणाले, कापड सैल पडलं असेल, धुऊन धुऊन.

"धुऊन कापड आटतं, दादा," ती म्हणाली. "लांब होत नाही. हे तुम्ही मला सांगायचं की मी तुम्हाला?"

मास्तर हसले. दोन बोटं आत दुमडून त्यांनी टाके घातले. वरून भोवऱ्याचा आवाज येत होता, नेहमीसारखा.

२

धाकट्याला भोवऱ्यांचा नाद होता. वय वर्षे चाळीस, पाणीखात्यात कारकून, घरात बायको आणि नऊ वर्षांची मुलगी. आणि वरच्या खोलीच्या भिंतीवर ओळीने मांडलेले सत्तर-ऐंशी भोवरे. लाकडी, पत्र्याचे, शिंगाचे. कचेरीतून आला की चहाआधी दोरी गुंडाळायचा. माणूस मोठा गोड. कोणाला वाकडं बोलला नाही, कोणाचं काही घेतलं नाही. मुलीच्या शाळेची सभा असली तर विसरायचा, घरातला दिवा गेला तर अंधारातच भोवरा फिरवायचा. बायकोने चिडून विचारलं तर म्हणायचा, अगं, दादाला सांग ना.

आणि दादा करायचे. लोकांकडे तक्रारही करायचे. "आमच्या धाकट्याला जगाची फिकीर नाही," असं ते सांगायचे खरे; पण लोक आपल्या मुलाच्या मोठ्या नोकरीबद्दल ज्या सुरात तक्रार करतात, त्या सुरात.

त्याला पहिला भोवरा त्यांनीच दिला होता. वडील गेले तो दिवस. आई त्याच्याही आधी गेलेली. मास्तर तेव्हा चौदा वर्षांचे आणि धाकटा पाच. घरात माणसं जमली होती, पोरगं रडून रडून लाल झालं होतं. त्याचे केस डोळ्यांवर येत होते म्हणून मास्तरांनी हातातल्या शिवणाच्या कात्रीनेच ते कापले, आणि घाईत मानेवर, कानाच्या मागे, जरा लागली. त्या किंचाळीवर उपाय म्हणून शेजाऱ्याचा एक भोवरा हातात दिला.

"तू खेळ," मास्तर म्हणाले होते. "मी आहे ना."

दुसऱ्या दिवशी ते वडिलांच्या मशीनवर बसले, ते अजून उठले नव्हते.

भोवऱ्याच्या दोरीचं मापही त्यांनीच ठरवून दिलं होतं. दोरी किती लांब हवी ते त्यांना कुठे माहीत होतं? पण शिंप्याचं पोर, मापाशिवाय कापणार कसं? एक टोक पायाच्या अंगठ्याखाली, दुसरं कपाळाला. ज्याचा भोवरा, त्याच्याएवढी दोरी. पस्तीस वर्षं तोच नियम चालला होता. महिना-दोन महिन्यांत दोरी विरायची, धाकटा जुनी परत आणायचा, अंगठ्याखाली टोक धरून उभा राहायचा आणि नवी घेऊन जायचा. जुन्या दोऱ्या मास्तर खणात टाकायचे, गठ्ठे बांधायला.

३

शिंप्याच्या घरच्या माणसांची मापं वहीत नसतात. परक्याचं माप घ्यायचं, घरच्याचं डोळ्यांनीच दिसतं, असा मास्तरांचा हिशेब. भावजयीने तिसऱ्यांदा पँट आणली तेव्हा मात्र त्यांनी धाकट्याला खाली बोलावलं आणि टेप लावला.

तो येऊन उभा राहिला. न सांगताच त्याने हात अंगापासून थोडे लांब धरले, हनुवटी वर केली. मोठी माणसं अशी उभी राहत नाहीत. मोठ्यांना सांगावं लागतं, हात बाजूला घ्या म्हणून. शाळेच्या गणवेशाला येतात ती पोरं अशी उभी राहतात.

चाळीस लांबीची पँट घालणारा माणूस. टेप म्हणाला, साडेछत्तीस.

मास्तरांनी चष्मा बदलला. मग त्यांना हसू आलं, कारण कापडी टेप जुना झाला की ताणला जातो आणि ताणलेला टेप माप कमी दाखवतो. नवशिक्यालाही माहीत असलेली गोष्ट. त्यांनी टेप लोखंडी गजावर ठेवला. आकड्याला आकडा जुळला, दोऱ्याचाही फरक नाही.

"दादा, झालं का?" धाकट्याने विचारलं. "वर फिरतोय अजून."

मास्तरांनी कान दिला. वरून बारीक, एका सुरातली गुणगुण येत होती. धाकट्याला खाली येऊन पंधरा मिनिटं होऊन गेली होती. वर दुसरं कोणी नव्हतं. भावजय कामावर, पोरगी शाळेत.

तो गेल्यावर मास्तरांनी खण उघडला. गाठी सोडून एकेक दोरी गजाशेजारी लांब केली. वर्षभराच्या सात दोऱ्या होत्या. कोणती आधीची, कोणती नंतरची हे विरलेपणावरून आणि मळावरून त्यांना कळत होतं. सातही त्यांनी स्वतःच्या हाताने कापल्या होत्या, कपाळापासून अंगठ्यापर्यंत, गप्पा मारता मारता. प्रत्येक दोरी आधीच्या दोरीपेक्षा आखूड होती.

सूत ओलं झालं की आटतं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. मग दोऱ्यांची पुन्हा गुंडाळी केली आणि त्या खणात अगदी मागे सारल्या.

४

पाणीखात्यातून धाकट्याला पत्र आलं. खिडकी नंबर चारवर कर्मचारी हजर नसतो, अशा नागरिकांच्या तक्रारी आहेत. धाकट्याने ते हसत हसत वाचून दाखवलं. तो दहा ते पाच खिडकीतच बसलेला असायचा. लोक यायचे, आत डोकावायचे आणि कोणी नाही म्हणून निघून जायचे.

"हाक मारायची ना तू," मास्तर म्हणाले.

"मारली की. ते म्हणतात, पोरांना आत कोणी सोडलं?"

त्याला ते फार विनोदी वाटत होतं. भावजय हसली नाही. त्या महिन्याच्या शेवटी तिने दुसऱ्या गावच्या दवाखान्यात बदली मागून घेतली, राहायच्या खोलीसकट, आणि एका दुपारी दुकानात येऊन बाकावर बसली.

"मला नवरा हवा होता, दादा. पोर मला आहे एक."

मास्तर काजं करत होते. त्यांनी मान वर केली नाही. ती सांगत गेली की आता त्याच्या बुटांच्या नाड्या गुंडी बांधते. भाजी गुंडी आणते. पत्रावर उलट उत्तर लिहायचं होतं, तेही गुंडीनेच लिहिलं, आणि चांगलं लिहिलं. नऊ वर्षांच्या मुलीने साहेबाला पत्र लिहावं आणि त्यात एक चूक नसावी, याची तिला भीती वाटत होती.

गुंडी म्हणजे धाकट्याची मुलगी. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून मास्तरांनीच ते नाव पाडलं होतं. तिचे फ्रॉक ते वाढत्या मापाचे शिवायचे, खालच्या दुमडीत चार बोटं जास्तीचं कापड ठेवून. दरवर्षी एक दुमड सोडायची. त्या वर्षी त्यांनी तीन सोडल्या होत्या.

"शाळा संपली की मी तिला नेतेय," भावजय म्हणाली. "ती माझं ऐकणार नाही. तुमचं ऐकते. तुम्ही सांगा तिला. नाहीतर दादा, तुमचं झालं तेच तिचं होईल."

मास्तरांची सुई थांबली. आपलं काय झालं, असं त्यांना विचारायचं होतं. आपलं चांगलंच झालं होतं. लोक मान देत होते. पण ते एवढंच म्हणाले, "सांगतो."

५

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मशीन थांबवलं आणि जिना चढले. भावाशी दोन शब्द स्पष्ट बोलायचे, एवढंच मनात होतं. वर जायची वेळ त्यांच्यावर क्वचित यायची. पायऱ्या तेरा. सातव्या पायरीपासून गुणगुण पायाच्या तळव्यांना जाणवायला लागली.

दाराबाहेर धाकट्याचे बूट होते. दोन्ही बुटांच्या चवड्यात कागदाचे बोळे कोंबलेले. दार थोडं उघडं होतं.

खोलीच्या मधोमध एक भोवरा फिरत होता. तो डुलत नव्हता, सरकत नव्हता. लाकडात खिळा ठोकावा तसा एका जागी उभा होता, आणि फिरतोय हे फक्त आवाजावरून कळत होतं. भिंतीवरचे बाकीचे जागच्या जागी. खिडकी बंद, पडदा हलत नव्हता, आणि पातेलीवरची ताटली मात्र बारीक थरथरत होती.

धाकटा पाठमोरा जमिनीवर बसला होता, गुडघे छातीशी घेऊन. शर्टाची कॉलर मानेभोवती उभी राहिली होती, बादलीच्या काठासारखी. मान आतून वर आलेली, बारीक, मधोमध पन्हळ आणि पन्हळीत मऊ लव. मास्तरांनी हजारो मानांची मापं घेतली होती. ही चौदा इंचांची मान नव्हती, तेराचीही नव्हती.

उजव्या कानाच्या मागे कात्रीची खूण होती. पस्तीस वर्षांपूर्वीची. ती ते ओळखणारच. पण खूण पांढरी पडलेली नव्हती. लाल होती, आणि मास्तर पाहत असताना तिच्या खालच्या टोकाशी एक थेंब जमत होता.

"दादा," मान न वळवता आवाज आला, "बाबा नाही आले अजून?"

खाली रस्त्यावरून कोणी भांड्यांना कल्हई लावा म्हणत गेलं. मास्तरांनी चौकट धरली. त्यांना म्हणायचं होतं, चाळीस वर्षांचा झालास, ऊठ. तोंडातून जे निघालं ते त्यांनी ठरवलेलं नव्हतं. ते कुठेतरी तयारच होतं.

"तू खेळ," ते म्हणाले. "मी आहे ना."

आणि भोवऱ्याचा सूर थोडा वर चढला.

६

त्या संध्याकाळी मास्तरांनी दोरीचं रीळ कपाटात ठेवून कुलूप लावलं. दोरी विरली तेव्हा धाकटा आला, अंगठ्याखाली टोक धरून उभा राहिला, आणि दोरी नाही हे कळल्यावर मुकाट्याने वर गेला. रागावला असता तर बरं झालं असतं.

दोन दिवस वर शांतता होती. मास्तरांना स्वतःच्या मशीनचा आवाज इतका मोठा असेल असं वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी वरून पावलं ऐकू यायला लागली, जड, टाचेवर पडणारी. खोकला ऐकू आला, बाप्याचा. संध्याकाळी धाकटा खाली आला तेव्हा पँट घोट्याच्या वर गेली होती आणि हनुवटीवर खुंट वाढले होते, त्यात पांढरे.

"पाठ दुखते, दादा," तो म्हणाला. "झोप येत नाही. ही नोकरी जाणार, ही बाई जाणार. मी काय केलं रे इतकी वर्षं?" आणि मग अगदी हळू, "बाबा गेलेत. नाही का?"

बाकावर बसून तो रडला. मोठा माणूस रडतो तसा, आवाज न करता, तोंड वेडंवाकडं करून. मास्तरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. उसवलेला कपडा फार हाताळू नये, आणखी उसवतो, असं ते गिऱ्हाइकांना नेहमी सांगायचे. अजून दोन दिवस, त्यांनी मनात म्हटलं, चार दिवस, मग टाके धरतील.

तिसऱ्या दिवशी सकाळी गुणगुण परत सुरू झाली.

गुंडी शाळेला निघाली होती. तिने एका हाताने कमरेशी स्कर्ट धरला होता. मास्तरांनी विचारलं, नाडी कुठे गेली. तिने सरळ सांगितलं, काढून दिली.

"बाबा रडत होते," ती म्हणाली. "मला नाही बघवत."

मास्तर रागवायला हवे होते. त्याऐवजी त्यांच्या छातीतलं काहीतरी सैल झालं, गेले दोन दिवस आवळून ठेवलेलं. आणि ते सैल झालं याची त्यांना लाज वाटली. त्यांनी तिच्या स्कर्टात दुसरी नाडी घातली. नाडी ओवता ओवता भावजयीला दिलेला शब्द आठवला, आणि त्यांनी तो पाळलाही.

"आईबरोबर जा तू, शाळा संपल्यावर," ते म्हणाले. "तिकडे बरं आहे. इकडचं मी बघतो."

आणि हे म्हणत असताना त्यांनी सुई आणि दोरा तिच्यापुढे धरला. गेलं वर्षभर त्यांच्या सुईत दोरा तीच ओवत होती; डोळ्यांत पडदा आला होता आणि शस्त्रक्रियेला ते भीत होते. गुंडीने सुई घेतली, एका झटक्यात ओवली, गाठ मारली, परत दिली.

"मग हे कोण करणार, मोठे काका?"

करेन मी कसंही, एवढंच उत्तर होतं. तीन शब्द. मास्तरांनी सुई घेतली आणि मशीनवर वाकले.

शाळा संपल्यावर भावजय न्यायला आली तेव्हा गुंडीने जिन्याचा कठडा धरून ठेवला. आईने ओढलं नाही. दुकानासमोर थांबून तिने विचारलं, "तुम्ही सांगितलं होतं ना, दादा?"

"सांगितलं होतं," मास्तर म्हणाले. आणि ते खोटं नव्हतं.

ती दर रविवारी यायची. मग महिन्यातून एकदा.

७

आता धाकटा खाली येत नाही. आखूड करायला पँट येत नाही. गुंडी आपले जुने फ्रॉक उसवून काहीतरी करते वाटतं, कारण चिंध्या तिच्या दप्तरात दिसतात. मास्तर वर जात नाहीत. पायऱ्या फार आहेत, डोळ्यांना दिसत नाही, धंद्याला वेळ पुरत नाही. गिऱ्हाइकाने विचारलं, धाकटे कुठे असतात हल्ली, तर म्हणतात, घरीच असतो. आनंदात आहे. न्यायाधीश परवा म्हणाले, भाग्यवान आहे तुमचा भाऊ. मास्तर म्हणाले, हो, ते मात्र खरं.

काल दुपारी गुंडी आली. हातात विरलेली दोरी होती, ती तिने गल्ल्याशेजारी ठेवली. ठेवताना पाहिली तर ती मागच्या दोरीपेक्षा वीतभर कमीच भासली, पण मास्तर आता जुन्या दोऱ्या मोजत नाहीत. त्यांनी कपाट उघडलं, रीळ काढलं, कात्री घेतली. बाबांना बोलाव, असं म्हणायची सवय अजून गेली नव्हती.

"त्यांना कशाला? ते खेळतायत," गुंडी म्हणाली. "मी आहे ना."

तिने चप्पल काढली आणि दोरीचं टोक अंगठ्याखाली धरून ताठ उभी राहिली. मास्तरांनी दुसरं टोक वर नेलं, तिच्या कपाळापर्यंत.

"इतकी नको." तिने त्यांचं मनगट धरून हात खाली आणला, डोळे, हनुवटी, गळा, आणि खांद्याच्या जरा खाली थांबवला. "एवढी. आणि चार बोटं जास्त ठेवा काका, आत दुमडून. बाबा वाढले परत तर लागेल."

मास्तरांनी कापली. चार बोटं जास्त ठेवली. जास्तीचं कापड कशासाठी ठेवतात आणि ते किती वेळा तसंच दुमडीत कुजून जातं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार.

ती जायला वळली तेव्हा तिच्या वेणीवर त्यांना पांढरा दोरा दिसला. दिवसभर दोऱ्यातच वावर. शिंप्याच्या घरात सगळ्यांच्या अंगावर दोरे असतात, आणि आल्यागेल्याच्या खांद्यावरचा दोरा टिपायची मास्तरांच्या बोटांना पस्तीस वर्षांची सवय. त्यांनी चिमटीत धरला आणि ओढला.

"आई गं," गुंडी कळवळली, आणि डोक्यावर हात ठेवून मागे बघायला लागली.

दोरा निघाला नव्हता. मास्तरांनी चिमूट सोडली. मंद डोळ्यांना तेवढ्यात दिसलं की तसा तो एकच नव्हता.

"काही नाही," ते म्हणाले. "दोरा होता."

ती जिना चढून गेली. पावलं जड होती, टाचेवर पडणारी. मास्तरांनी मशीनवर पाय ठेवला, पण चाक फिरवलं नाही. आधी वर दार लागल्याचा आवाज आला, मग थोडा वेळ काहीच नाही, आणि मग गुणगुण सुरू झाली.